बानाबाईच्या पाखरांची वाकळ

शहरात राहायला येऊन नऊ वर्षं झाली तरी बानाबाई पहाटे उठून बसायचीच. दारात मेंढी नव्हती, कोकरू नव्हतं, मेंढ्या कोंडायची जाळ्याची वाघूर सोडायची नव्हती, तरी अंग आपलं आपणच जागं व्हायचं. मग ती डोक्यावरून पदर घ्यायची, कडी न वाजवता दार उघडायची आणि उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर येऊन बसायची. पडेगावातली ती गल्ली त्या वेळी धुक्यात बुडालेली असायची. छावणीच्या बाजूनं फौजेचा बिगुल वाऱ्यावर तरंगत यायचा, थोड्या वेळानं कुठूनशी अजान. दोन्हींच्या मधल्या शांततेत पहिली साळुंकी बोलायची आणि बानाबाई मनातल्या मनात म्हणायची, उठली बाई.

पाखरांची आणि तिची ओळख जुनी. गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला धनगरांची एक वस्ती आहे, तिथला तिचा जन्म. लहानपणी तिथं नदी होती. बानाबाई लग्न होऊन सोनाजीच्या घरात आली तोवर धरण झालं होतं, आणि नदीच्या जागी नजर पोचणार नाही एवढं पाणी पसरलं होतं. पाणी आलं आणि त्याच्यामागं पाखरं आली. दिवाळी सरली की करकोच्यांचे थवे कुठल्या कुठून यायचे. आधी नुसता आवाज, आभाळाच्या पार वरच्या मजल्यावरून आल्यासारखा, आणि मग बऱ्याच वेळानं बारीक रेघ. सोनाजी मेंढ्यांमागं चालता चालता थांबायचा, काठीवर हनुवटी टेकायचा आणि म्हणायचा, "पाव्हणे आले."

सोनाजी फार कमी बोलायचा. दिवसभराच्या चालण्यात त्याच्या तोंडून दहा-वीस शब्द निघाले तर खूप. पण पाखरांशी तो बोलायचा. तितराला तितरासारखी साद, होल्याला होल्यासारखी. मेंढीच्या पाठीवर कोतवाल बसला की तो बानाबाईला हातानंच खूण करायचा, आणि दोघं ते काळंभोर शेपूट डुलत डुलत जाताना बघत राहायची. दोघांचा संसार म्हणजे असं शेजारी उभं राहून काहीतरी बघणं. बानाबाईला त्यापेक्षा जास्त काही मागावंसं वाटलं नाही.

तो गेला पाच दिवसांच्या तापात. मेंढ्या धाकट्या दिरानं, पुंजारामानं, सांभाळायला घेतल्या. मुलगा रामेश्वर वाळूजच्या एका कारखान्यात होता. तो आईला घेऊन शहरात आला.

पहिलं वर्ष तिचं हरवल्यासारखं गेलं. चार भिंतींत चालायचं तरी कुठं? सून सत्यशीला घरी मशीनवर पोलकी शिवायची. बाई कामाची, हात वेगवान, बोलणंही वेगवान. मशीनशेजारी कातरणांचं पोतं असायचं. त्यात छावणीतल्या लतीफ मास्टरकडून आलेल्या खाकी पट्ट्याही असायच्या. मास्टर फौजी गणवेश शिवायचा आणि उरलेलं कापड सत्यशीलेला पिशव्यांसाठी द्यायचा.

एका दुपारी बानाबाईनं पोत्यातून एक खाकी तुकडा उचलला. तो उन्हात धरला. माळावरच्या वाळल्या गवताचा रंग. तिनं कात्री घेतली आणि खडूची रेघ न मारता कापत गेली. पाय लांब, मान आखूड, चोच सरळ. पांढऱ्या कापडाच्या चौकोनावर तो आकार ठेवून तिनं कडा आत मुडपल्या आणि बारीक धावदोरा घालत नेला. संध्याकाळी सत्यशीलेनं पाहिलं.

"आत्याबाई, ही तर टिटवी! अहो, टिटवी घरात चांगली नसती म्हणत्यात."

"कोन म्हणतं?" बानाबाई दोरा दातानं तोडत म्हणाली. "आमाला तर लई राखलं तिनं. लांडगा यायच्या आधी ती वरडायची."

त्या दिवसापासून ती पाखरं करत गेली. कधी महिन्यात चार, कधी तीन महिन्यांत एकही नाही. जसा रंग हाताला लागेल तसं पाखरू. हिरव्या खणातून राघू, राखी अस्तरातून पारवा, निळ्या रेशमी कातरणातून खंड्या. चौकोनाचं माप ती कधी घ्यायची नाही. पाखरू झालं की त्याच्याभोवती जेवढी जागा बरी दिसेल तेवढं कापड ठेवायचं आणि बाकीचं कापून टाकायचं. झालेलं पाखरू पत्र्याच्या पेटीत जायचं. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग कधीतरी डोळ्यांत धुकं उतरायला लागलं.

ते एकदम आलं नाही. दिवाळीनंतर पाण्यावर जसं हळूहळू धुकं धरतं तसं आलं. आधी समोरच्या घराची जाळी गेली, मग घर गेलं. बानाबाई कुणाला काही बोलली नाही. वय झालं, एवढंच तिनं मानलं. आणि खरं सांगायचं तर त्या धुक्याची तिला भीती वाटली नाही. त्या दुधाळ उजेडात गल्ली दिसेनाशी झाली आणि माळ दिसायला लागला. पायरीवर बसलं की समोरून मेंढ्यांची पांढरी गर्दी सरकत गेल्यासारखी वाटायची. विजेचा खांब घोंगडं पांघरून उभ्या माणसासारखा दिसायचा. ती त्याच्याकडं बराच वेळ बघत राहायची. हात मात्र थांबले नव्हते. बोटांनी चाचपून ती पाखरं करतच होती, आणि हाताला कळावं म्हणून तिच्या नकळत पाखरं मोठी होत चालली होती.

गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. बानाबाई लगबगीनं उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "या, बसा. रामेश्वर यायचाच हाय आता. च्या ठेवायला सांगते."

दारातला माणूस उंबऱ्यावरच थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, मीच हाय."

दुसऱ्या दिवशी रामेश्वर कामावर गेला नाही. डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. दोन महिन्यांत दोन्ही डोळे झाले. पट्टी काढली त्या सकाळी बानाबाईला आधी खिडकीचा गज दिसला, मग गजावरची मुंगी. मग सत्यशीला दिसली, आणि ती दचकलीच.

"तुला एवढं कवा पिकलं गं पोरी?"

सत्यशीलेनं हसून केसांवरून हात फिरवला. "कवाचंच की."

यंदा नात प्रांजलीचा नर्सिंगला नंबर लागला, नाशिकला. कधी घर सोडून न राहिलेली पोर डिसेंबरात हॉस्टेलवर जाणार होती. सगळं घर याद्या करण्यात गुंतलं. बादली, कुलूप, डबा. बानाबाई दोन दिवस त्या याद्या ऐकत होती. तिसऱ्या दिवशी तिनं पेटी पुढं ओढली आणि म्हणाली, "प्रांजे, तुला वाकळ करते. पाखरांची."

प्रांजलीनं पेटी उघडली. मोठ्या खोलीतली खाट तिनं भिंतीला उभी केली आणि चौकोन फरशीवर मांडायला घेतले. एकूण त्रेचाळीस निघाले. तिनं ते सहज म्हणून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले. ओळ दाराशी सुरू झाली, भिंतीला वळसा घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचली. पहिली टिटवी तळहातात मावेल एवढी, नखाएवढं डोकं, त्यात मोहरीसारखा डोळा. शेवटचं पाखरू ताटापेक्षा मोठं.

बानाबाई ती सगळी पाखरं अशी एकत्र, उजेडात, पहिल्यांदाच बघत होती. नव्या डोळ्यांनी तर पहिल्यांदाच. ती ओळीच्या कडेनं चालत गेली. सुरुवातीला चेहऱ्यावर हसू होतं. अर्ध्या वाटेत ते मावळलं. टाके लांब झाले होते, वाकडे पडले होते. एका राघूला दोन चोची होत्या, कारण पहिली शिवलेली तिला दिसलीच नव्हती. आणि त्या शेवटच्या मोठ्या करकोच्याचा डोळा डोक्यावर नव्हताच. डोक्याच्या बाहेर, रिकाम्या कापडावर, चार बोटं लांब शिवलेला होता.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही म्या केली?"

ती खाली बसली, पेटीतून ब्लेडचं पान काढलं आणि करकोच्याचा डोळा उसवायला लागली. "ही मोठी समदी उसवते. लोक हसतील पोरीला."

सत्यशीला हातातलं काम टाकून आली होती. ती मात्र सासूकडं बघत नव्हती. ती ओळीकडं बघत होती. त्या ओळीतलं एकूण एक कापड तिच्या हातून गेलेलं होतं, आणि कुठलं कापड कधी आलं ते तिला तोंडपाठ होतं. ती एकेका चौकोनावर बोट ठेवत पुढं सरकली.

"हे जांभळं, शेजारच्या ताईंच्या पोरीच्या लग्नातलं. हे साधं सुती... हे मास्कचं कापड. कोरोनात मास्क शिवले ना आपण, तवाचं." तिचं बोट तिथंच थांबलं. मास्कच्या कापडातला तो होला पाहुण्याला पाणी द्यायच्या तांब्याएवढा होता. त्याच्या पुढची सगळी मोठी पाखरं त्यानंतर आलेल्या कापडांची होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तवापासून दिसत नव्हतं तुमाला?"

"दिसत हुतं की. थोडं थोडं."

"चार वर्षं?"

बानाबाई पुन्हा करकोच्याच्या डोळ्यावर वाकली.

सत्यशीलेला काय आठवलं ते बानाबाईला बरोबर कळलं, कारण तिलाही तेच आठवलं होतं. त्याच काळात कधीतरी भातात खडे आले होते, लागोपाठ तीनदा. तिसऱ्या वेळी सत्यशीलेनं तांदळाचं ताट तिच्या पुढ्यातून ओढून घेतलं होतं. राहू द्या, तुमच्यानं एक काम धड होत नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाली होती. त्यानंतर निवडण-टिपण कधी बानाबाईकडं आलं नव्हतं. तिनंही कधी मागितलं नव्हतं.

"मला सांगितलं कामून नाय?" सत्यशीलेनं विचारलं.

"तू कामात असायची."

सत्यशीला उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला. प्रांजली आजीकडं बघत होती, आजी हातातल्या ब्लेडकडं. मग नळ बंद झाला. सत्यशीला ओल्या तोंडानंच बाहेर आली, फरशीवर मांडी घालून बसली आणि तिनं बानाबाईच्या हातातून ब्लेड काढून घेतलं.

"उसवायचं काई नाय," ती म्हणाली. "एक टाकासुदिक नाय. कुठून जोडायला लागायचं, तेवढं सांगा."

जोडणं सोपं नव्हतं. साध्या वाकळीत पट्ट्या असतात, सरळ जोडत जायचं. इथं एकाचं माप दुसऱ्याशी जुळेना. दोन दिवस सत्यशीलेनं टेप लावून, वहीवर चौकोन काढून डोकं लढवलं. कुठं कोपरा बाहेर यायचा, कुठं हातभर खिंडार राहायचं. प्रांजली म्हणाली, सगळे एकाच मापाचे कापून टाकू. त्यावर दोघी सासू-सुना एकदमच "नको" म्हणाल्या आणि एकमेकींकडं बघून हसल्या. ताट ओढून घेतल्याला पाच वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत असं एका सुरात त्या बहुधा बोलल्याच नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बानाबाई मांडलेल्या चौकोनांशेजारीच आडवी झाली. खिडकीतून ऊन आलं होतं, मशीन लयीत चालत होती. तिचा डोळा लागला. झोपेत फरशी पाण्यासारखी झाली आणि पाखरं आपापल्या कापडावरून उठली. घाई कुणालाच नव्हती. मोठाली आधी उतरून बसली, पंख मिटून, जशा म्हाताऱ्या मेंढ्या आधी बसतात. मग लहान पाखरं त्यांच्या कुशीला आली, दोन इकडं, तीन तिकडं. मधल्या फटींतून गवत हललं. करकोचे मात्र खाली आलेच नाहीत. ते वरच्या कडेनं फिरत राहिले, आणि कुणीतरी काठीवर हनुवटी टेकून त्यांच्याकडं बघत होतं. त्याचं तोंड दिसलं नाही. दिसायची गरजही नव्हती.

ती उठली ती बोलतच. "सत्यशीला, मोठी आधी बसव. त्यांच्या अंगाला लहान लाव, मोठ्याएवढी उंची हुईस्तोवर. कमी पडंल तिथं खाकी घाल, गवत म्हणून. आन् करकोचे वर. ते कुनाच्या मधी बसत नसत्यात."

खाकी कमी होतं. बानाबाई स्वतः छावणीत गेली, सत्यशीलेचा हात न धरता, रस्त्यावरच्या पाट्यांचे रंग बघत. लतीफ मास्टरनं पिशवीभर पट्ट्या काढून दिल्या आणि विचारलं, "क्या अम्मा, फौज खडी कर रै क्या?"

"नाय बाबा. पाखरं बसवायलेय."

"बिठाव, बिठाव," मास्टर म्हणाला आणि आणखी एक हिरवट तुकडा पिशवीत कोंबला. "पानी के किनारे का रंग है."

मग काम पुढं सरकलं. तीन चिमण्या एकीखाली एक, वर बोटभर खाकी, की झाली घारीएवढी उंची. चंडोल आणि साळुंकी शेजारी, खाली हिरवी पट्टी, की बसला मोर. असे लहान लहान घोळके आधी तयार झाले, मग घोळक्याला घोळका. लांब सरळ शिवणी सत्यशीला मशीनवर मारायची, आडवळणाच्या बानाबाई हातानं. प्रांजली इस्त्री घेऊन बसायची आणि प्रत्येक शिवण दाबून सपाट करायची. बोलणं फारसं नसायचं. कधीतरी सत्यशीला विचारायची, "हे कोणतं पाखरू?" आणि बानाबाई सांगायची. वेडा राघू. पाण्यावरल्या तारंवर बसतो. नऊ वर्षांच्या सहवासात सत्यशीलेनं सासूला एवढं कधी विचारलं नव्हतं.

बाराव्या दिवशी काम अडलं. मधोमध एक लहान तितर होता आणि त्याच्याभोवती चार वेगवेगळ्या लांबीचे घोळके गरगर फिरल्यासारखे आले होते. कुठूनही सरळ शिवण जाईना. एक बाजू जोडली की दुसरी अडकायची. सत्यशीलेनं तीनदा शिवलं, तीनदा उसवलं.

"दे इकडं," बानाबाई म्हणाली. तिनं पहिला घोळका तितराला जोडला, पण पुरता नाही. अर्ध्यात दोरा थांबवला आणि उरलेली कड मोकळी सोडली. मग गोल फिरत दुसरा, तिसरा, चौथा जोडला. शेवटी त्या मोकळ्या ठेवलेल्या कडेशी परत आली आणि ती मिटवून टाकली. तितर सगळ्या बाजूंनी सपाट, नीट बसला.

सत्यशीला तोंडात बोट घालून बघत राहिली. "हे कुठं शिकलात?"

"वाघूर अशीच लावत्यात. एक तोंड उघडं ठिवायचं, समदी आत आली की मग लावायचं."

वरचा पदर पुरा झाला. त्या बिनडोळ्याच्या करकोच्याची जागा प्रांजलीनं ठरवली. पायाकडं नको म्हणाली, उशाकडं हवा, झोपताना दिसेल असा. बानाबाईनं पुन्हा एकदा विचारून पाहिलं, निदान डोळा तरी जाग्यावर आणते म्हणाली. दोघी मायलेकींनी ऐकलं नाही.

पुढं ती वाकळ नाशिकला गेली. हॉस्टेलची खाट अरुंद निघाली, त्यामुळं प्रांजली ती दुहेरी घडी करून पांघरते. कधी एका बाजूची पाखरं वर, कधी दुसऱ्या बाजूची. आज कोणती वर आहेत ते ती फोनवर आजीला सांगते. बानाबाईनं त्यानंतर आणखी पाखरं केली नाहीत. सकाळी ती तांदूळ निवडते. ताट तिच्या पुढ्यात सत्यशीलाच आणून ठेवते.

पण वाकळ भरायचा तो दिवस सांगायला हवा. डिसेंबरातला रविवार होता. गच्ची धुऊन काढलेली. खाली बानाबाईची जुनी लुगडी अंथरली, त्यावर सोनाजीची दोन धोतरं, आणि सगळ्यात वर पाखरं. वारा सुटला होता. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या तरी मधला भाग फुगून वर यायचा, आणि सगळा थवा उठतोय असं वाटायचं. शेवटी सत्यशीला म्हणाली, "आत्याबाई, तुमीच बसा मधी. म्हंजे हालायचं नाय."

बानाबाई जाऊन मधोमध बसली. ऊन पाठीवर आलं. शेजारच्या दोघीतिघी सुया घेऊन आल्या आणि चारी कडांनी धावदोरा सुरू झाला. सुया कापडातून जाताना बारीक आवाज होत होता, गवतातून मेंढ्या चरत गेल्यासारखा. बानाबाई थोडा वेळ बसली, मग कोपरावर टेकली, मग पाय पोटाशी घेऊन आडवी झाली. गाल कापडाला लागला. सत्यशीलेनं वर पाहिलं तेव्हा ती झोपली होती.

"उठवायचं का?" एकीनं विचारलं. "मधलं राहीन की शिवायचं."

"राहू द्या," सत्यशीला म्हणाली. "कडंकडंनं घेऊ."

तिनं सुईत नवा दोरा ओवला आणि सासूच्या पायाजवळून, अंगाला धक्का लागणार नाही अशा बेतानं, टाके घालत पुढं गेली.